झिरोला ‘ओ’ म्हणतात

मंडळी, आधी माझी पात्रता सांगतो. भुतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, कारण मी स्वतः भूत होऊन आलोय, आणि तेही तिकीट लावून. तोंडाला झिंक पावडर, हनुवटीखाली हिरवा बल्ब, अंगावर शेजाऱ्यांची पांढरी चादर. आमच्या हौशी नाटकाच्या ग्रुपमध्ये भुताचं काम आलं की माझ्याशिवाय दुसरं नाव निघत नाही. बेळगावच्या एका स्पर्धेत परीक्षकांनी शेरा दिला होता, ‘भूत फार बोलते.’ तो अजून मला ऐकवला जातो. खोटं कशाला बोलू… लिहून दिलेल्या संवादात एखादं वाक्य पदरचं घातल्याशिवाय मला चैनच पडत नाही.

हा शेरा लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर आता प्रवेश पहिला. स्थळ निपाणी. खाली माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, वर आम्ही नवरा-बायको, आणि त्याच्यावर गच्चीलगतची एक खोली. खोलीच्या खिडकीला टेकून मागच्या बाजूला एक जुनी तंबाखूची वखार आहे. भावाभावांच्या वाटणीत अडकल्यामुळं ती कित्येक वर्षं कुलपात आहे. आत तंबाखूचं एक पानही उरलं नसेल, पण ऊन चढलं की वास येतोच. नवा पाहुणा आधी शिंकतो, मग नमस्कार करतो.

या खोलीत गेल्या वर्षी माझी भाची रेश्मा राहायला आली. माझी आक्का बेळगुंदीत दिलीय, तिची ही धाकटी. आम्ही तिला रेशू म्हणतो. बेळगावात एका दवाखान्यात नर्स आहे, चलाख पोरगी. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं तिला निवडलं होतं, फक्त इंग्रजीची परीक्षा तेवढी राहिली होती. वाचन झालं, लिहिणं झालं, बोलणंही झालं… पण लिसनिंग! दोनदा बसली, दोनदा त्याच पायरीवर घसरली. हॉस्पिटलवाल्यांनी कळवलं होतं की आता ही शेवटची वाट बघतोय. बेळगुंदीच्या घरात म्हैस, टीव्ही आणि भावाची दोन पोरं, सगळ्यांचा आवाज सारखाच. म्हणून आक्कानं तिला माझ्याकडं धाडलं.

“मामा, मला समदं कळतंय,” रेशू म्हणायची. “पण त्यो माणूस थांबतच न्हाय. थर्टीन का थर्टी ते मी ठरवस्तोवर त्यो पुढच्या गावाला गेलेला असतोय!”

तिच्या ऑनलाइन क्लासच्या सरांनी उपाय सांगितला होता — शॅडोइंग. म्हणजे कानाला हेडफोन लावायचा आणि रेकॉर्डिंगमधला माणूस जे बोलेल ते त्याच्या मागोमाग मोठ्यानं म्हणायचं. अर्थ लावत बसायचं नाही, विचार करायचा नाही. आवाज पुढं, आपण मागं. सावलीसारखं.

तेव्हा मला या शब्दात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

रोज दुपारी दुकान बंद करून मी वर जाऊन बसायचो. तिच्या कानात साहेब बोलायचा, तिच्या तोंडून मला ऐकू यायचा. माझी करमणूक! पहिल्या दिवशी तिनं स्पीकरवर लावलं, तेव्हा सुरुवातीलाच एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “यू विल हिअर द रेकॉर्डिंग वन्स ओन्ली.”

चहा घेऊन आलेली माझी बायको, कुसुम, दारातच थांबली. “काय म्हणत्या ती?”

“एकदाच ऐकू येईल म्हणते.”

“एकदाच?” कुसुमनं कपाळाला आठ्या घातल्या. ती संकेश्वरची. तिच्या माहेरी नियम पक्का आहे. कुणी नुसतं एकदा नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर परत मारेल, तिसऱ्यांदाही मारेल. दुसरं काही असेल तर त्याला एकदाच मारता येते, आणि तेवढ्यात ओ दिली की संपलं. “रेशू, त्या बाईला म्हणावं तीनदा म्हण. मग बघू.”

“मामी, तिला सांगितलं तर मला भोपळा देतील!”

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मी तर उठून साहेबी भूत करून दाखवलं, “रेऽऽशू, वन्स ओन्लीऽऽ!”

आणि मग ती दुपार आली.

लख्ख ऊन होतं. खिडकीतून तंबाखूचा वास नाकात बसत होता. रेशू हेडफोन लावून, डोळे मिटून म्हणत होती. कुठल्याशा पोहण्याच्या तलावाचं सभासद व्हायला एक बाई फोन करते, असा तो संवाद होता. रेशूचा आवाज सपाट, एकसुरी. “गुड मॉर्निंग… हाऊ कॅन आय हेल्प… आय वुड लाइक टू जॉइन… कॅन आय टेक युवर नेम प्लीज…”

आणि त्याच सपाट आवाजात, पण शेताच्या बांधावरून मारावी तशी लांबवून, ती म्हणाली,

“रेश्मेऽऽ.”

क्षणभर थांबली. मग म्हणाली, “ओ.”

आणि लगेच पुढं, “…सेव्हन, डबल फोर, नाइन…”

मी टाळी वाजवली. म्हटलं पोरगी मामावर गेली, मधेच आपल्या पदरचं घातलं! पण कुसुमनं भज्यांची ताटली खाली ठेवली. तिनं रेशूच्या कानावरचा हेडफोन ओढून काढला.

“कुणाला ओ दिलीस गं?”

“काय मामी?”

“आत्ता ओ म्हणालीस न्हवं?”

“ओ म्हणजे झिरो, मामी. फोन नंबरात झिरोला ओ म्हणतात.” रेशू हसली. “सरांनी सांगितलंय, झिरो ऐकायची वाट बघत बसलात तर फसाल.”

“आनि रेश्मे कोण म्हणालं?”

“कोण म्हणालं?” रेशूनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. “मी न्हाय म्हटलो.” (आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना आलो-गेलो-म्हटलो असंच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

‘रेश्मे’ अशी हाक तिला आमच्यात कुणीच मारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून चमत्कार! सरावाच्या पेपरात रेशूची सगळी उत्तरं बरोबर. स्पेलिंग, नंबर, थर्टीन, थर्टी… एक चूक म्हणून नाही. मी पेढे आणले. आक्काला फोन करून म्हटलं, पोरीला विमानात बसव. फक्त कुसुमनं पेढा हातात घेतला नाही.

मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग एके दिवशी मी गंमत म्हणून हेडफोन काढून स्पीकर लावला. रेशूचे डोळे मिटलेलेच होते. ती म्हणत होती आणि स्पीकर म्हणत होता…

नाटकात विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य सांगतो आणि नट ते मागून म्हणतो. इतकी वर्षं काढलीत मी त्यात, कोण पुढं आणि कोण मागं ते माझ्या कानाला पाठ आहे. इथं रेशू पुढं होती. ती वाक्य म्हणायची आणि मग स्पीकरमधला साहेब तेच म्हणायचा. मागोमाग. सावलीसारखा.

पाठ झालं असेल, मी स्वतःला समजावलं. सरांना फोन करून एक नवीकोरी फाइल मागवली, माझ्या मोबाइलवर, तिच्या नकळत. ती लावली. तरीही रेशू पुढं.

त्यानंतर घरातली मजा गेली. खालून हाक मारली तर रेशू वळून बघेना. “रेशू”, “ए रेशू”, “रेश्मा”… बहिऱ्यासारखी. खांद्याला हात लावला की गोड हसायची. पण भाजी चिरता चिरता, कुणीही काहीही बोललेलं नसताना, वखारीच्या भिंतीकडं मान वळवून म्हणायची, “ओ.” आणि थोड्या वेळानं, “आलो, आलो.”

एका दुपारी ती खोलीत नव्हती. मी गच्ची बघितली, दुकान बघितलं, आणि मग मागच्या बोळात गेलो. वखारीच्या कुलूप लावलेल्या दारापुढं ती उभी होती. चपला काढून नीट बाजूला ठेवलेल्या, कुणाच्या घरात शिरताना ठेवाव्यात तशा.

“काय करत्यास गं इथं?”

“बोलावलंय न्हवं आत.”

“कुणी?”

“तुम्हीच की, मामा,” ती म्हणाली. “आवाज तर तुमचाच होता.”

मी तिच्या चपला उचलल्या आणि तिचा हात धरला.

घरी आणून तिला बसवलं. कुसुम रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “ज्या वाटेनं ती हाक आली त्याच वाटेनं आपली घालायची. त्याला एकदाच मारता येत्या. आपल्याला तीनदा येत्या. तुमचा आवाज भरा त्या मोबाइलात.”

मी मोबाइल तोंडापुढं धरला. नाटकातला आवाज नाही, खरा आवाज. “रेशू.” थांबलो. “रेशू.” थांबलो. “रेशूऽऽ.” एवढंच करायचं होतं. कुसुमनं एवढंच सांगितलं होतं. पण भूत फार बोलतं ना… माझ्या तोंडून पुढं निघून गेलं, “ओ दे की गं, माझ्या बाई.” म्हटलं राहू दे, मनापासून आलंय.

रेशूला सरावाला बसवावं तसं बसवलं. हेडफोन कानावर चढवला. कुसुमनं तिचा हात धरला आणि मी बटण दाबलं.

पहिली हाक गेली असेल, रेशू गप्प. दुसरी गेली असेल, गप्प. तिच्या पापण्या हलत होत्या. वखारीकडून तंबाखूचा असा भपका आला की कुसुम शिंकली. आणि रेशूच्या तोंडून आलं,

“ओ.”

मग तिनं हेडफोन काढून फेकला, कानावर हात ठेवले आणि रडायला लागली. “मामा, किती ओरडताय वो! कान फुटला माझा.”

त्या संध्याकाळी तिनं पोटभर झुणका-भाकर खाल्ली. हाक मारली की वळायला लागली. दुसऱ्या दिवशी सरावाला बसली तर परत मागं पडली, थर्टीनचं थर्टी केलं. पोरीची चूक झाली म्हणून पेढे वाटणारं घर तुम्ही बघितलंय का? आम्ही वाटले. आणि या वेळी पहिला पेढा कुसुमनं खाल्ला.

परीक्षा झाली. लिसनिंगमध्ये हवे होते तेवढेच गुण पडले. रेशू परदेशी गेली, कामाला लागली. नाटक संपलं, पडदा पडला.

आता पडद्यामागचं.

ती गेल्यावर तलावाची फाइल मी शांतपणे ऐकली. परत परत ऐकली. त्या बाईचा फोन नंबर सेव्हननं सुरू होतो. आख्ख्या नंबरात झिरो नाही. हाक तर नाहीच. सरांकडच्या मूळ फाइलमध्येही तेच.

दुसरी गोष्ट मी कुसुमलाही सांगितलेली नाही. रेशूनं ‘ओ’ म्हटलं, ते माझ्या तिसऱ्या हाकेला दिलेली ओ होती? की माझ्या त्या पदरच्या वाक्यातलं, ‘ओ दे की गं’मधलं पहिलं अक्षर तिनं नुसतं म्हटलं — रेकॉर्डिंगच्या पुढं राहून, आधीच्यासारखंच? हेडफोन तिच्या कानावर होता. मला कळायला मार्ग नव्हता.

मी हे विसरूनही गेलो असतो. पण गेल्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. गोरीपान झालीय, गालावर बाळसं आलंय. कुसुमचं बोलून झालं आणि मोबाइल माझ्या हातात आला. मला खोडी सुचली, हिला विचारावं, तिकडं साहेब लोक भडंग खातात का गं? मी तोंड उघडलं…

“न्हाय वो मामा,” रेशू हसत म्हणाली, “भडंग हितं कोण खातंय!”

माझ्या तोंडून अजून शब्द निघाला नव्हता.

“रेंजचा घोळ असंल,” कुसुम म्हणाली. असेलही. पण रेंज नसली की आवाज उशिरा येतो हो. आधी कसा येईल?

मी म्हटलं, “रेशू.” ती हसत बघत राहिली. मी म्हटलं, “रेशू.” ती तशीच हसत, माझ्याकडं बघत, वाट बघत राहिली.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, आणि खरं सांगायचं तर लावायचाही नाही. तिसरी हाक ओठांवर आली होती. त्या हाकेला ओ आली असती तर सुटलो असतो. आणि नसती आली तर?

मी फोन ठेवून दिला. जन्मात एकदाच, भूत गप्प बसलं.