चार नंबरची चटणी

खालच्या मजल्यावर कुणीतरी लसणाची चटणी कुटतंय आणि पंचवीस वर्षांपूर्वीची दौंडच्या रेल्वे चाळीतली दुपार आठवून मला पुन्हा चीड येते. आई गेल्यावर, तिला ओळखणारं कुणी भेटतंय का म्हणून मी दारोदार विचारत होते, "इथं सुमनबाई राहायच्या..." जो तो नकारार्थी मान हलवायचा. शेवटी ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांवर मी वैतागलेच, "अहो, चार नंबरात! माहेर पाटसचं!"

"मग पाटसची म्हणा की! ती लसूण कुटाया लागली की आम्ही भाकरी घिऊनच दारात जायचो."

"आणि नाव माहीत नाही?"

"नाव कवा लागलंच न्हाई."

असा संताप आला!

आता माझ्या फ्लॅटच्या दारावर माझं नाव पितळी अक्षरांत आहे. भाकरी घेऊन अजून कुणी आलेलं नाही.