छंदवर्गातली हळद

निवृत्त झाल्यापासून जो भेटतो तो खून नाहीतर दरोड्याची गोष्ट विचारतो. ते तपास मी केले आणि त्यातले बरेच विसरूनही गेलो. एक लग्न मात्र विसरता येत नाही. ते मी थांबवलं होतं.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात, आष्टीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता, सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, एका बारक्या पोरीचा फोन हुता. म्हणली, आमच्या वर्गातल्या पोरीचं आज लगीन हाय, आठवीतली हाय, लवकर या. बापाचं नाव सांगितलं अन् फोन ठेवला."

त्या नंबरवर मीच फोन लावला. उचलला एका निवृत्त शिक्षिकेने. त्या बाई गावच्या शाळेत उन्हाळी सुट्टीचा छंदवर्ग घेत होत्या. मातीकाम, कागदी पिशव्या, कापड रंगवणं असं काय काय चालायचं. "मी नाही हो केला फोन," त्या म्हणाल्या. "माझा फोन टेबलावर पडलेला असतो, पोरं उचलतात."

म्हणजे फोन वर्गातल्याच कुणीतरी केला होता. स्टेशन डायरीला नोंद घेतली, एक महिला शिपाई सोबत घेतली आणि गावात ग्रामसेवकांना गाडीत बसवलं. बालविवाह रोखायची जबाबदारी गावात त्यांची असते.

घरी जाऊन पाहतो तर ना मांडव, ना पाहुणे. मुलीचा बाप अंगणात बाजेवर बसून दोर वळत होता. नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. मी एवढंच विचारलं, "मुलगी कुठाय?"

"वर्गाला गेली की," तो म्हणाला. "लगीन असतं, तर हळदीच्या अंगानं पोर उंबऱ्याबाहेर धाडली असती का, साहेब?"

शेजारच्या बायकांनीही माना डोलावल्या. आमच्याकडे एकदा हळद लागली की नवरी घर सोडत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. ग्रामसेवक म्हणाले, "पोरांची चेष्टा हाय साहेब, चला माघारी." पटण्यासारखंच होतं. पण लग्नाचा शब्द आम्ही अजून काढलाच नव्हता. न विचारता पुरावा हातात देणारा माणूस मला कायम खटकत आला आहे. मी गाडी शाळेकडे घ्यायला लावली.

शाळेच्या व्हरांड्यात नेमकं कापड रंगवणं चाललं होतं. एका पातेल्यात हळद उकळत होती, दुसऱ्यात कांद्याची सालं. झाडून सगळ्या पोरांचे हात मनगटापर्यंत पिवळे. ग्रामसेवक हसायलाच लागले. बाईंनी ती मुलगी दाखवली. तिचेही हात पिवळेच होते. ती खाली बसून फडकं पिळत होती, आणि मी मागे उभा होतो म्हणून दिसलं. तिच्या कानामागे, मानेवर वेणीखाली आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात पिवळं होतं. चेहरा मात्र साबणाने घासून लख्ख केलेला. कापड रंगवताना हळद कानामागे जात नाही.

महिला शिपायाने तिला बाजूला नेलं, पाणी दिलं आणि घाई केली नाही. थोड्या वेळाने मुलगी बोलली. पहाटे घरातच दार लावून हळद लावली होती. मग तोंड धुऊन तिला वर्गाला पाठवलं, कुणाला संशय नको म्हणून. दुपारी मामा जीप घेऊन शाळेवरच येणार होता आणि लग्न परस्पर दुसऱ्या तालुक्यातल्या एका देवळात लागणार होतं.

"फोन कुणी केला, माहिती आहे का?" शिपायाने विचारलं.

"मीच केलता," ती म्हणाली.

दुपारी जीप आली, ती आम्ही ताब्यात घेतली. नवरामुलगाही देवळाजवळ सापडला. ठाण्यात बापाची चौकशी फार वेळ चालली नाही. कानामागच्या हळदीचं सांगितल्यावर त्याने खाली मान घातली. बोलली ती आई. तिचं बोलणं चौकशीत नव्हतंच खरं तर.

"साहेब, दसरा झाला की आमी फडावर जातो. सा महिने. उसाच्या कडंला पाचटाची कोपी, तिला दार न्हाई, कडी न्हाई. वयात आलेली पोर तिथं न्यावी तर रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई. हितं ठेवावी तर घरात कोन हाय? तुमी ठेवून घेता का तिला सा महिने, तुमच्या घरी?"

मी तिला कायदा सांगितला, शिक्षा सांगितली. तिने विचारलं होतं ते वेगळंच. राग आला, तो तिचा नाही, माझाच.

मुलीला बालकल्याण समितीपुढे उभं केलं. अठरा वर्षांआधी लग्न करणार नाही, असं हमीपत्र आईबापांनी दिलं आणि मुलगी त्यांच्या ताब्यात मिळाली. पेपरात पोलिसांच्या सतर्कतेचं कौतुक छापून आलं. वरून शाबासकी आली. मीही खूश होतो, खोटं कशाला सांगू.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाने तिथल्या पोलिसांना कळवलं, एक अल्पवयीन मुलगी गरोदर आहे. मुलीचं गाव आमच्या हद्दीतलं, म्हणून गुन्हा आमच्याकडे वर्ग झाला. कागदावरचं नाव त्याच मुलीचं होतं. दसऱ्यानंतर, ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी, घरातल्या घरात चार माणसांत लग्न लावलं होतं. या वेळी हळदही लावली नव्हती.

बाप आणि नवरा आत गेले. मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्याने घेतला. तो झाल्यावर मी साध्या कपड्यात तिला भेटलो. अंगाने ती वाळून गेली होती, पण मला तिने ओळखलं.

"बाळ, त्या वेळी फोन केलास," मी म्हणालो. "या वेळी का नाही केलास?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "केला असता, तर तुमी परत घरीच सोडलं असतं न्हवं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. मी उठून बाहेर गेलो आणि गाडीत बसलो.

त्यानंतरच्या नोकरीत बालविवाहाची खबर आली की मी आधी एकच विचारायचो, टोळी गेल्यावर ही पोर राहणार कुठे? एखादीला वसतिगृह मिळालं, एखादीला मावशीने ठेवून घेतलं. बहुतेकींना यातलं काहीच मिळालं नाही. लग्न थांबवणं पोलिसाला एका दिवसात जमतं. पुढचे सहा महिने कुणाच्याच हद्दीत येत नाहीत, हे मला त्या मुलीने शिकवलं. त्या बाकीच्या पोरींचीही लग्नं मी थांबवली, आणि मग त्यांना घरी सोडलं.