मगदूम सरांचा आलेख

मगदूम सर वर्गात आले की हजेरीच्या आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन आकडे लिहीत. पहिला दिवसाचा. दुसरा कशाचा, ते सांगत नसत. आम्ही आलेखाच्या कागदावर त्या जोडीचा एक ठिपका मांडायचा, आणि मगच हजेरी.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते. दिवाळीची सुट्टी संपली आणि सरांनी फंक्शन शिकवायला घेतलं. पांढरं धोतर, काळा कोट, कोटाच्या खिशात ओल्या फडक्यात गुंडाळलेला खडू. शिकवताना पुस्तकी बोलत, पण मुद्दा गळी उतरवायचा असला की आपल्या कसबा बावड्याच्या गावरान बोलीवर येत. "दिवसाला एकच आकडा. एका दिवसाला दोन आकडे आलं तर ते फंक्शन न्हवं, भांडण हाय!" वर्ग हसायचा. सर हसत नसत.

पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस. मग सेहेचाळीस, सत्तेचाळीस, एक्केचाळीस. मधेच एखादा ठिपका वर जाई, पण एकूण उतारच. कुणी म्हणे विहिरीचं पाणी मोजत असतील, कुणी म्हणे थंडीचा पारा. मला गणिताची मोठी हौस. पंचविसाव्या दिवशी मी पट्टीशिवाय हलक्या हातानं पेन्सिलीची रेघ पुढं वाढवली. ती खालच्या अक्षाला टेकली त्रेचाळिसाव्या दिवशी.

बाकांमधून फिरताना सरांनी ते पाहिलं. स्वतःचं रबर काढून त्यांनी रेघ पुसली. इतक्या जोरानं, की कागद चुरगळला.

"मापलं तेवढं आपलं, सुमन. पुढचं आपलं न्हवं."

आम्ही कसबा बावड्यातच, सरांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होतो. त्याच आठवड्यात आईनं मला पेजेचा डबा घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. सरांची बायको आजारी आहे, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. घराच्या पुढच्या सोप्यात काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंग असं वाळलेलं की लुगड्यात कुणी आहे की नाही कळू नये. समोरच्या सारवलेल्या अंगणात, भिंतीच्या कडेनं, कोळशानं आकडे लिहिले होते. अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. डबा माझ्या हातातच राहिला.

"रोज उजाडताना चालतो मी," काकी म्हणाल्या. "पावलं मोजत्यात सर. डाक्टरानं सांगितलंय चालायला." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "रेघ वाढवणारी तूच न्हवं?"

"पुसली ती, काकी."

"पुसली तरी बघितलीस की. कुठं टेकतीया?"

"साठाव्या दिवशी," मी खोटंच बोलले.

काकींनी अंगणातल्या आकड्यांवरून नजर फिरवली. "एवढं लांब न्हाय ते," म्हणाल्या, आणि डबा घेतला.

चाळिसाव्या दिवशी फळ्यावर शून्य आलं. पुढचे दोन दिवसही. त्रेचाळिसाव्या दिवशी सर शाळेत आले नाहीत. काकी पहाटे गेल्या होत्या.

तेरावा झाल्यावर सर आले. डोक्याचे केस उतरवलेले, कोट तोच. सरांची बायको गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं, आकड्यांचं मात्र माझ्याशिवाय कुणालाच नाही. सरांनी मधल्या सगळ्या दिवसांपुढं शून्यं लिहून दिली. आम्ही अक्षावर ठिपक्यांची रांग मांडली. मला वाटलं, आता हे थांबेल.

सर परत आल्याच्या चौथ्या दिवशी फळ्यावर तीन आले. मग पाच. मग नऊ.

"सर, उठला की!" मागच्या बाकावरून एक पोरगा आनंदानं ओरडला. तो वक्राबद्दल बोलत होता. माझी पेन्सिल कागदावर टेकेना.

तास संपल्यावर मी टेबलापाशी थांबले. "सर, हे आकडे कुणाचे?"

"तुला ठावं हाय की."

"पण सर, काकी तर..."

"मापल्याबिगर लिवतो का मी?" आवाजात राग नव्हता. अडलेलं उदाहरण समजावून सांगताना बोलत तसेच ते बोलले. "उद्या उजाडताना ये."

मी गेले. जायला नको होतं, पण गेले. धुकं होतं. सर सोप्यात उभे होते आणि ओठ हलत होते. त्यांची नजर अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश जाई, तशीच परत येई. मला काही दिसलं नाही, काही ऐकूही आलं नाही. पण अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या मधेच दोन्हीकडे सरल्या, कुणाला वाट द्यावी तशा. मी हातातली फाटकाची कडी सोडून धावत सुटले. त्या दिवशी फळ्यावर एकतीस होते.

मी कुणाला सांगितलं नाही. हेडमास्तरांच्या कानावर गेलं असतं तर सरांची नोकरी गेली असती. आणि खरं सांगायचं तर, सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. म्हणून मी रोज ठिपका मांडत राहिले.

आकडा शंभरावर गेला. कागद पुरेना, पोरांनी वरून दुसरा चिकटवला. वर्गातून जाता जाता सर माझ्यापाशी हळूच म्हणाले, "फाटकाभाईर जातीया आता." मी पहाटे इंग्रजीच्या शिकवणीला जायचे, ती तेव्हापासून सोडली. उजाडताना गल्लीत पाऊल टाकायचा धीर होईना.

परीक्षेच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला सरांनी दिवसाचा आकडा लिहिला, आणि खडू खाली ठेवला.

"सर, दुसरा आकडा?"

"मोजता आला न्हाय. लय लांब गेली."

"मग शून्य मांडू?"

"न्हाय!" सरांनी टेबलावर हात आपटला. मग आवाज उतरला. "शून्य म्हंजे माणूस हाय, पर चालत न्हाय. हे तसं न्हवं. जागा मोकळी सोडा."

पुढं मी बी.ए., बी.टी. झाले आणि शिक्षिका झाले. एकदा कोल्हापुरातच, राजारामपुरीत, दुकानाच्या पायरीवर सर भेटले. थकले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी ओळखलं.

"काय करतीस?"

"गणित शिकवते, सर. मॅट्रिकच्या वर्गाला."

"फंक्शन?"

"हो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"पोरांस्नी खरं आकडं देऊ नगंस," ते म्हणाले. "मी तिचं दिलं. चुकलं माझं."