सर्वांत शेवटी बोलणाऱ्या बाई

तांबोळीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेच्या जिन्यात. सकाळचे सहा वाजले होते. हातात किल्ली आणि शेजारी चहाचा थर्मास घेऊन त्या एकट्याच पायरीवर बसल्या होत्या. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि धायरीहून आले होते. अभ्यासिकेतला माझा तो पहिलाच दिवस.

"एकटीच आलीस?"

"हो, बाई."

"म्हणजे बाकीच्या हुशार आहेत," असं म्हणून त्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा दिला. मग विचारलं, "ही वेळ तुला सोयीची आहे?"

मी लगेच हो म्हटलं.

"खरं सांग."

तेव्हा सांगितलं, की पहिली बस गाठायची म्हणून आईला पहाटे उठून डबा करावा लागला. बाईंनी मान हलवली आणि किल्ली पिशवीत टाकली.

गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर बाईंनी मुलींसाठी ही अभ्यासिका सुरू केली. तिचे सगळे निर्णय शनिवारच्या बैठकीत मुलींनीच घ्यायचे, असा त्यांचा आग्रह. मी येण्याच्या आधीच्या शनिवारी बाईंनी सुचवलं होतं, की पेठेत सकाळी शांतता असते, आपण सहाला उघडू. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकीला वाटलं, आपली एकटीचीच अडचण दिसते, इतरांना वेळ पसंत आहे. शिवाय बाईंना नाही कसं म्हणायचं? पुढचा आठवडाभर बाई रोज किल्ली घेऊन पायरीवर बसल्या.

आठवडा संपल्यावर शनिवारच्या बैठकीत त्यांनी फळ्यावर लिहिलं : "चूक : माझी. कारण : मी आधी बोलले." कुणा मोठ्या माणसाने स्वतःची चूक फळ्यावर लिहिलेली मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या घरात मोठ्यांची चूक ही गोष्टच नसायची.

तेव्हापासून अभ्यासिकेची रीत ठरली. आधी प्रत्येकीने बिननावाची चिठ्ठी लिहायची. मग वयाने सर्वांत लहान असेल तिने आधी बोलायचं. जिचा विरोध असेल तिला गप्प करायचं नाही, "काय केलं तर तुला चालेल?" असं विचारायचं. आमचं सगळ्यांचं बोलून झाल्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीत बाई चष्मा पुसत विचारतात, "आता मी बोलू?" एखाद्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या सारख्या निघाल्या, तर म्हणतात, "एकमत फार लवकर झालं. कुणीतरी विचार करायचा राहिला." आणि पुन्हा चिठ्ठ्या वाटतात.

बाईंचं माझ्यावरचं खरं ऋण पुढचं आहे. मी बी.ए. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्याच महिन्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला आणि लोणी काळभोरच्या एका कॉलेजात कारकुनाची नोकरीही चालून आली. घरी सगळेच म्हणत होते, नोकरी घे. मला शिकायचं होतं, पण तसं म्हणायला जीभ उचलत नव्हती. मी बाईंकडे गेले. "बाई, तुम्हीच काय ते सांगा."

"मी सांगितलं तर निर्णय माझा होईल आणि निभवायचा तू. नको." मग त्यांनी मला दोन दिवसांचा अभ्यास दिला. एक दिवस नोकरी घेतलीच आहे असं धरून राहायचं, दुसरा दिवस शिक्षण ठरलंच आहे असं धरून. कुणाला सांगायचं नाही, फक्त स्वतःकडे पाहायचं.

पहिल्या दिवशी मी बसने लोणी काळभोरला जाऊन आले. पुस्तकं कुणाला द्यायची याची यादी करायला बसले आणि एकाही पुस्तकापुढे नाव लिहू शकले नाही. दुसऱ्या दिवशी मन हलकं होतं, फक्त दादा समोर आले की मी नजर चुकवत होते. दादा म्हणजे माझे वडील. एका सोसायटीत रखवालदार आहेत.

बाई म्हणाल्या, "शिकायचं की नाही हा तुझा प्रश्न नाहीच. घरी कसं बोलायचं हा आहे. घरी चिठ्ठ्या टाका."

मी खाली पाहिलं. "आईला लिहिता येत नाही."

"मग दाणे घ्या. त्यात लाज कसली? मतदानाला आपण चिन्हंच बघतो ना?"

आम्ही चौघं बसलो : आई, दादा, टेम्पो चालवणारा माझा मोठा भाऊ आणि मी. ज्वारीचा दाणा म्हणजे नोकरी, हरभऱ्याचा म्हणजे शिक्षण. प्रत्येकाने मुठीत लपवून एक दाणा डब्यात टाकला. आईने डबा ताटात उपडा केला. तीन हरभरे आणि एक ज्वारी.

"आवो, तुमीच तर नोकरी नोकरी करत हुता," आई दादांना म्हणाली.

"मला वाटलं, तुलाच पायजे हाय!"

"आन् मला वाटलं, तुमी दोघं थकलाय," भाऊ म्हणाला.

दादांनी ज्वारीचा दाणा बोटाने बाजूला सारला. "ह्यो चुकून पडला आसंल कुणाचा."

तो माझा होता. घरासाठी, म्हणून टाकलेला. 

हे मी फक्त बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "त्या दाण्यालाही विचार, काय केलं तर चालेल," म्हणाल्या. मी म्हटलं, शिकताना घराला थोडा हातभार लागला तर चालेल. दुसऱ्या दिवशी बाई माझ्याबरोबर प्रवेशाचा अर्ज भरायला आल्या. आणि पुढच्या बैठकीत, अर्थात चिठ्ठ्या टाकूनच, अभ्यासिकेचं दुपारचं काम मानधनावर माझ्याकडे आलं.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचा की नाही, हेही त्याच खोलीत ठरलं. एक सोडून सगळ्या चिठ्ठ्यांवर "हो" होतं आणि त्या एकीवर "नको". अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं. रीतीप्रमाणे आम्ही विचारलं, "काय केलं तर चालेल, बाई?"

"चुका लिहिणार असाल तर चालेल. आणि लहानांनी आधी."

लेखकांमध्ये मी वयाने सर्वांत लहान, म्हणून हा लेख पहिला. बाईंची चूक लिहिली, आता माझीही लिहून झाली. पुस्तक घरी आलं की आईदादांना मीच वाचून दाखवणार आहे, ज्वारीच्या दाण्यासकट.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य मिळो. पुढची कितीतरी वर्षं शनिवारी आम्ही सगळ्या भांडून, बोलून दमल्यावर त्या कोपऱ्याकडे वळून पाहावं, आणि चष्मा पुसत बाईंनी विचारावं, "आता मी बोलू?"