ठराव गावाचा, सही माझी

ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात सगळ्या सभा एकाच वाक्यात संपतात. 'विषयावर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' हे वाक्य मी आयुष्यभर लिहिलं. चर्चेत कोण कुणाला काय बोललं, ते वहीत येत नाही. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात साठत जातं, आणि रिटायर झाल्यावर चहाच्या वेळी एकेक बाहेर पडतं.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत मी ग्रामसेविका होते. त्यातलं घोड नदीकाठचं एक गाव जास्त लक्षात राहिलं. नाव सांगत नाही, लगेच फोन येतील. गावानं ठराव करायचा, मी सही करून तो अमलात आणायचा, अशी कामाची वाटणी. कागदावर एकदम सोपी दिसते.

* * *

पहिल्याच दिवशी आप्पा भेटले. सत्तरीचे, धनगरवस्तीवरचे, तीनदा निवडून आलेले सदस्य. लिहिता-वाचता येत नव्हतं, अंगठा उठवायचे. आमच्याकडे ग्रामसेवकाला 'भाऊसाहेब' म्हणतात.

"रामराम भाऊसाहेब," ते म्हणाले.

"आप्पा, मी बाई आहे."

"ते दिसतंय की. पर खुर्ची भाऊसाहेबांची हाय."

त्या गावात होते तोवर मी भाऊसाहेबच राहिले.

* * *

तिथली पहिली ग्रामसभा मी सकाळी अकराला ठेवली. निम्मं गाव रांजणगावच्या कंपन्यांत फर्स्ट शिफ्टला गेलेलं. कोरम भरला नाही, सभा तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की कोरम लागत नाही, असा नियम. दुसऱ्या वेळी मोजून सात माणसं आली. मी म्हटलं, "चालतंय, नियमात बसतं. विषय घेऊ."

सरपंच सुनीताताई आधी कंपनीत पॅकिंगला होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "सात जणांनीच ठरवायचं तर सभा कशाला पायजे? माझ्या घरात आठ जण हायेत."

सभा त्यांनी कंपनीच्या सुट्टीच्या वारावर नेली. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, आणि मला पहिल्यांदाच माईक वापरावा लागला.

* * *

ताईंचे मिस्टर सुरुवातीला मासिक सभेला त्यांच्या शेजारी बसायचे. ताईंनी तोंड उघडायच्या आत हेच उत्तर द्यायचे. एकदा रस्त्याचा विषय निघाला आणि ते बोलू लागले. ताईंनी त्यांना मधेच थांबवलं.

"अहो, तुम्ही सदस्य न्हाई. ह्या विषयावर मी बोलते. तुम्ही सगळ्यांना चहा सांगता का?"

मी वहीत मान घातली. ते उठले, बाहेर गेले आणि खरंच चहा आला. पुढच्या सभेला ते दारातूनच म्हणाले, "ताई, किती कप?"

* * *

उसात बिबट्या दिसायला लागला तेव्हा ग्रामसभेनं ठराव केला, 'बिबट्याला गावात येण्यास बंदी.' मी म्हटलं, हे आपल्या अधिकारात नाही.

आप्पा शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, ठराव बिबट्याला कुठं पाठवायचाय? वनखात्याला पाठवा."

पाठवला. त्याच आठवड्यात पिंजरा आला.

* * *

एक किस्सा माझ्यावरच उलटलेला. शाळेसमोरचा नाला उघडा होता. सभेत ठरलं, 'नाला बंदिस्त करावा.' 'करावा' लिहिलं की करणं मला भाग. म्हणून मी हळूच लिहिलं, 'बंदिस्त करण्याबाबत विचार व्हावा.' असे शब्द आम्हा लिहिणाऱ्यांच्या हाताला सवयीचे असतात.

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून दाखवलं. आप्पांनी हात वर केला.

"भाऊसाहेब, त्यात त्यो 'विचार' कुनी घातला?"

"म्हणजे?"

"आमी 'करावा' म्हनलो व्हतो. विचार करूनच म्हनलो."

सगळ्यांसमोर मी ती ओळ खोडली आणि दुरुस्त करून बाजूला सही केली. माझ्या एकाही साहेबानं माझं लिखाण इतकं नीट ऐकलं नव्हतं. पावसाळ्याआधी नाल्यावर स्लॅब पडला.

* * *

आज त्या गावात टेकाडावर पाण्याची टाकी दिसते. मंजूर नकाशात ती खाली, हायवेला लागून होती. खालून धनगरवस्तीवर पाणी चढणार नव्हतं. वस्तीवरच्या बायांचे हंडे तसेच डोक्यावर राहणार होते. ग्रामसभेनं ठराव केला, टाकी टेकाडावर हवी. तालुक्याचे साहेब समजावायला स्वतः आले. तरुण होते, माणूस चांगला.

"मंजुरी झाली आहे," ते म्हणाले. "ग्रामसभा सूचना करू शकते. जागेचा निर्णय प्रशासनाचा असतो."

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. सुनीताताईंनी माझ्याकडे पाहिलं. नियम साहेबांच्या बाजूनं होता.

आप्पा काठी टेकत उठले. "सायेब, हितं येऊन किती वर्सं झाली?"

"दोन."

"आनखी किती ऱ्हानार?"

"एखादं वर्ष. मग बदली."

"कुठं?"

"शासन पाठवेल तिथं."

आप्पांनी मान हलवली. "आमची बदली होत न्हाई, सायेब."

एवढंच बोलून ते खाली बसले. साहेबांनी हातातल्या नकाशाची घडी घातली आणि मला विचारलं, "मॅडम, टेकाडावर गाडी जाते का?"

"नाही, सर."

"मग चला, चालत जाऊ."