न झालेल्या ऑपरेशनची सकाळ

बाविसाव्या वर्षी मी भडगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी शाळेवर बाई म्हणून लागले. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. गिरणेच्या काठाजवळ चार खोल्यांची शाळा, चार गुरुजी आणि मी. भडगावातल्या भाड्याच्या खोलीवरून सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने परत यायचं. दिवाळीनंतर पोट दुखायला लागलं. बेंबीपाशी कळ उठायची, उजवीकडे सरकायची, तासाभराने आपोआप निघून जायची. भडगावच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अपेंडिक्स. काढून टाका." तो शब्द तेव्हा घरोघरी झाला होता. आमच्याच नात्यात तिघींच्या पोटावर त्याची खूण होती.

नाना, म्हणजे माझे वडील, मला जळगावला आमच्या मेहरूणच्या घरी घेऊन आले आणि एका सर्जनच्या दवाखान्यात भरती केलं. सर्जन दोन दिवसांसाठी धुळ्याला गेले होते. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी तपासून, रक्त घेऊन ऑपरेशनची सकाळ ठरवून टाकली.

त्या सकाळी सिस्टरने दंडात गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि मला स्ट्रेचरवर घेतलं. तेवढ्यात जामनेरकडून एक जीप आली. त्यात एक शेतकरीण होती, आतड्याला भोक पडलेली, तीन दिवस दुखणं अंगावर काढलेली. आदल्या संध्याकाळीच परतलेले सर्जन तिला घेऊन आत गेले. माझं स्ट्रेचर व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवलं.

तो वेळ किती होता ते मला आजही सांगता येत नाही. व्हरांड्याच्या जाळीतून ऊन येत होतं आणि माझ्या पांढऱ्या चादरीवर हळूहळू पसरत होतं. बघता बघता ती चादर गिरणेची वाळू झाली. मी वाळूतून चालत होते, पण पाय टेकत नव्हते. पलीकडच्या काठावर माझी शाळेतली पोरं पाढे म्हणत होती, आवाज पाण्यावरून येत होता. नाना कुठेतरी खोकले, तेही नदीपलीकडेच. भीती अजिबात नव्हती. फक्त तोंड इतकं कोरडं पडलं होतं की जीभ टाळूला चिकटली होती.

मग पोटावर एक हात आला. जड, उबदार हात. तो घाईत नव्हता.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही... पाणी."

"आता पाणी नाही द्यायचं, बाई. थोडा वेळ थांबा."

"हो," मी म्हणाले म्हणे, "शाळा सुटल्यावर पिते."

हात थांबला. "शाळा सुटल्यावर का?"

शुद्धीवर असते तर परक्या पुरुषापुढे ते कधीच बोलले नसते. पण त्या वाळूत लाज नव्हतीच. मी सांगून टाकलं, की शाळेला संडास नाही. गुरुजी नदीकडे जातात, मी कुठे जाणार? म्हणून सकाळी निघताना चहासुद्धा घेत नाही. संध्याकाळी खोलीवर पोचेपर्यंत पाण्याचा घोट नाही. आणि पोट? पोट चार-चार, पाच-पाच दिवस साफ होत नाही.

सर्जनांचा हात डाव्या बाजूला गेला, तिथे बराच वेळ चाचपत राहिला. मग त्यांनी रक्ताचा कागद मागवून पाहिला आणि सिस्टरला म्हणाले, "यांना परत खाटेवर न्या."

नाना गडबडले. "डॉक्टरसाहेब, आता आणलीच आहे तर काढून टाका ना. कायमची कटकट मिटेल."

"भाऊ, काढायला मला अर्धा तास लागतो. पण दुखणं तिथलं नसेल तर तुमची मुलगी पोटावर टाके आणि तेच दुखणं, दोन्ही घेऊन घरी जाईल. ताप नाही, रक्त चांगलं आहे. दोन दिवस इथेच ठेवून बघतो. दुखणं वाढलं तर त्याच घटकेला कापीन. आत्ता ज्या बाईला कापलं, तिला तासभर उशीर झाला असता तर ती गेली असती."

दोन दिवस एनिमा, पातळ खाणं आणि तांब्यामागून तांबे पाणी. ताप आला नाही. कळ दोनदा आली, दुसरी आधीपेक्षा बारीक होती. शेजारच्या खाटेवर जामनेरची बाई, नाकात नळी, पोटाला पट्ट्या. तिसऱ्या दिवशी ती डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली आणि बारीक आवाजात म्हणाली, "तुला नाही कापलं?" मी मान हलवली. ती हसली. तिला कापलं म्हणून ती हसू शकत होती, हे मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं.

निघताना सर्जन एवढंच म्हणाले, "औषध पंधरा दिवस. पण पाणी कुठे प्यायचं आणि मग कुठे जायचं, ते तुम्हालाच शोधावं लागेल."

शाळेमागच्या गल्लीत एका बौद्ध कुटुंबाचं घर होतं. मुलगा पोस्टात होता, त्याने परसात संडास बांधून घेतला होता. त्याच्या आईला सगळं गाव अक्का म्हणायचं. तीन दिवस त्या दारावरून नुसती चालत गेले. चौथ्या दिवशी अक्कानेच हाक मारली. मी अडखळत सांगितलं. ती ऐकत राहिली, मग अहिराणीत म्हणाली, "बाई, हाई घर तुमनंच शे. लाजू नका."

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी तिच्याकडे जाऊ लागले. वरच्या आळीत दोघीतिघींनी नाकं मुरडली, एका गुरुजींनी "दुसरं घर नव्हतं का?" असंही विचारलं. मी जायचं थांबवलं नाही. अक्काच्या ओट्यावर बसून, तिच्या माठातलं पाणी तांब्याभर प्यायचे. दुखणं एकदम गेलं नाही. होळीपर्यंत अधूनमधून कळ येत राहिली आणि मग कधी थांबली, ते लक्षातही आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये शाळेवर दुसरी बाई आली. माझ्यासारखीच, नवीन वहाणा, घट्ट वेणी. हेडमास्तर तिला वर्ग दाखवायला निघाले. मी म्हटलं, "सर, वर्ग नंतर," आणि तिचा हात धरून गल्लीत वळले.