न कापलेलं नाव

हर्लिंडा सावालेटा एकेचाळीस वर्षांची आहे. त्यातली वीसहून जास्त वर्षं ती संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर उभी आहे. फळं पळत येतात, ती निवडते: हे पेटीत, हे रसाला, हे टाकून द्यायचं. तिच्या हातांना डोळे आहेत असं आमची मुकादमीण म्हणते, आणि ती बाई कुणाचं उगाच कौतुक करणारी नाही.

मी तिच्या मुलीची धर्ममाता, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. पण खरं नातं जमलं ते पाण्यावरून. इथे कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात बागांना खत घालतात आणि ते मुरत मुरत आमच्या विहिरीत उतरतं. पाणी मंडळाचे साहेब म्हणायचे, पाणी ठीक आहे. मी दर सभेत टेबल बडवायची, ते घड्याळ बघायचे. एकदा मागच्या रांगेतून हर्लिंडा उठली. तिच्या हातात तपासणीचा कागद.

"साहेब, यात फेब्रुवारीचा नमुना आहे, एप्रिलचा आहे. मार्चचा कुठे गेला?"

मार्चचा नमुना खराब निघाला होता, म्हणून त्यांनी तो दडवला होता. मी चार वर्षं घसा फोडला, तिनं एका प्रश्नात त्यांना घाम फोडला. मी शाळेत सहावीच्या पुढे गेलेली नाही. जे शिकले ते मोर्च्यात आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर. त्या दिवशी मला कळलं की ओरडायला मी पुरेशी आहे, आमच्यात वाचणारं कुणीतरी हवंय.

हर्लिंडानं गावच्या दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं. शेड सुटली की वर्ग. दोन वर्षांचं शिक्षण तिनं सहा वर्षांत केलं, सगळीकडे पहिल्या वर्गात. पुढची दोन वर्षं करायची तर मोठ्या विद्यापीठात बदलून जायचं. माती आणि पाण्याचं शास्त्र शिकवणारं विद्यापीठ इथून दोन तासांवर आहे, आणि आमच्यासारख्या कॉलेजांतून तिथे मोजक्यांनाच घेतात. दुसरीकडे कुठे जायला तिला जमणार नव्हतं. घरी म्हातारा बाप आहे.

नोव्हेंबरात ती माझ्याकडे बसून अर्ज भरत होती. एका प्रश्नाशी थांबली. याआधी ज्या ज्या कॉलेजात नाव घातलं असेल, ते सगळं लिहा.

"कोमाद्रे, एक आहे," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांची होते तेव्हाचं."

बावीस वर्षांपूर्वी तिनं पलीकडच्या शहरातल्या कॉलेजात चार विषय घेतले होते. सहाव्या आठवड्यात आई आजारी पडली. हर्लिंडा जायची थांबली. शेडमध्ये तीन दिवस नाही गेलं की नाव कापतात, कुणाला काही सांगावं लागत नाही. तिला वाटलं कॉलेजातही तसंच असेल. आईला पुरलं, पट्ट्यावर उभी राहिली, विसरली. पण कॉलेज नाव कापत नाही. नाव तुम्ही स्वतः, कागद भरून, तारखेच्या आत काढून घ्यायचं असतं. तिच्या नावापुढे चारही विषयांत नापास लिहिलं गेलं.

"कुणी बघणार नाहीये," मी म्हटलं. "बावीस वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय? सोडून दे ती ओळ."

तिनं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि ओळ सोडून दिली. हा सल्ला माझा होता.

मग वाट बघणं सुरू झालं. तिचा बाप, ज्याला आम्ही मानानं दोन अन्सेल्मो, म्हणजे अन्सेल्मोराव, म्हणतो, अंगणातल्या खुर्चीवर बसून रोज विचारायचा, "आलं का पत्र?"

"एप्रिलच्या शेवटी येतं, बाबा."

"एवढ्या दिवसांत बागेला फळ धरतं. काय करतायत तिथे, एकेक अर्ज चाखून बघतायत?"

शेडमध्ये बायका चिडवायच्या, "ए प्रोफेसर, जरा हात चालव!" तीही हसून म्हणायची, "मी रोज हजारो संत्री नाकारते गं, एकाला तरी पत्र पाठवते का?"

एप्रिलच्या मध्यावर कॉलेजात प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या थाओ मॅडमनी बदलून जाणाऱ्या सगळ्यांना एकत्र बोलावलं. गेल्या वर्षी एका मुलीला घेतलं होतं, तिनं खोली भाड्यानं बघितली, आणि जुलैत प्रवेश रद्द झाला. एका जुन्या कॉलेजचं नाव लिहिलं नव्हतं. त्यांना कुठून ना कुठून कळतंच, मॅडम म्हणाल्या.

हर्लिंडा तिथून थेट माझ्याकडे आली. मी भांडी घासत होते.

"मी त्यांना लिहिणार आहे. ते चार विषय."

"आत्ता? दहा दिवस राहिलेत! वेड लागलंय का तुला?"

"लिहिणार आहे."

"अगं, आधी घेऊ तर दे त्यांना! आपणहून मान पुढे करतेस? मोठ्या लोकांच्या नातवंडांच्या चुका कोण मोजतं गं? आपल्याच मोजायच्या?" माझा आवाज चढला होता. शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

हर्लिंडाचा आवाज चढत नाही. "कोमाद्रे, तू मंडळाच्या ऑफिसात टेबल का बडवलंस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"त्यांनी मार्च लपवला होता. हा माझा मार्च आहे."

मी हातातलं ताट आपटलं. ते फुटलं नाही, आणि त्याचाही मला राग आला. तिनं ते उचललं, विसळलं, पालथं ठेवलं आणि गेली.

जुन्या कॉलेजातून गुणपत्रक मागवून तिनं ते विद्यापीठाला पाठवलं. सोबत तीन ओळी. हे माझं आहे. आई शेवटच्या आजारात होती. मी अर्जात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, चूक माझी. माझं नाव त्यात कुठेही नव्हतं.

निकालाच्या शुक्रवारी ती दोन अन्सेल्मोच्या शेजारी फोन घेऊन बसली. मीही गेले, न बोलावता. बरोबर पाच वाजता तिच्या वर्गातल्यांचे संदेश येऊ लागले, कुणी हसणारे, कुणी रडणारे. विद्यापीठाच्या साइटवर तिच्या पानावर एकच ओळ होती: तुमच्या अर्जाचा विचार अजून चालू आहे.

"म्हणजे हो की नाही?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"म्हणजे थांबा, बाबा."

"एवढं तर मीही सांगितलं असतं."

मे गेला. संत्री संपत आली, पट्टा हळू झाला, अर्ध्या बायकांना घरी पाठवलं. कॉलेजात ज्यांना जागा मिळाली त्यांची नावं रंगीत कागदावर लिहून भिंतीवर लावतात. ती त्या भिंतीसमोरून रोज वर्गात जायची. मी एकदाच तिच्याबरोबर गेले आणि पुन्हा गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? ओळ सोड म्हणणारी मी; तिनं नंतर खरं सांगितलं, तरी तिला या पेचात मीच अडकवलेलं.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळच्या सुटीत, उत्तर आलं. नाही. कारण दिलेलं नव्हतं. ते चार विषय नडले, उशिरा सांगितलं ते नडलं, की जागाच नव्हत्या, हे आम्हाला कधीच कळणार नाही. सुटी संपली तशी ती पट्ट्यावर गेली. मुकादमीण म्हणाली की त्या दिवशी तिच्या हातून एकही खराब फळ पेटीत गेलं नाही.

संध्याकाळी मी तिच्या दारात उभी. "बस ठरवते. चाळीस बाया नेते. त्यांच्या फाटकाशी बसू."

"काय घोषणा देशील?"

मी घोषणेशिवायच तिच्या पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

"कोमाद्रे," मी म्हटलं, "ती ओळ मी सोडायला लावली."

"पेन माझ्या हातात होतं." ती म्हणाली, "गुरुवारी गाडी आहे तुझ्याकडे?"

गुरुवारी आम्ही पलीकडच्या शहरातल्या त्या जुन्या कॉलेजात गेलो. थाओ मॅडमनी सांगितलं होतं की घरात मृत्यू झाला असेल तर इतक्या वर्षांनीही नाव काढून घेण्याचा अर्ज करता येतो. मंजूर झाला तर नापासाच्या जागी फक्त 'सोडलं' असं लागतं. मग नोव्हेंबरात विद्यापीठाला पुन्हा लिहायचं, यावेळी सगळ्या ओळी भरून.

खिडकीतल्या तरुण कारकूनबाईनं कागद पाहिला. "तुम्ही तेव्हाच का नाही भरला?"

मी पुढे सरसावले. हर्लिंडानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मला वाटलं, तुम्ही कापाल," ती म्हणाली.

तिनं आईच्या मृत्यूचा दाखला पिशवीतून काढून काउंटरवर सपाट केला. मग पेन घेतलं आणि चारही विषयांची नावं लिहिली, एकेक, न बघता. तिला ती सगळी पाठ होती.